लोकर

ठप असा बारका आवाज झाला. रूपाली भाकरी थापत होती. पिठाचा हात तसाच परातीत ठेवून तिनं मागं बघितलं, तर भुरी पाण्याच्या ड्रमापुढं उभी, नाक ड्रमाला टेकलेलं. मांजर धडकलं असं तिच्या मनात आलंच नाही. मांजर कुठं धडकतं होय? माणूस धडपडेल, म्हातारं ढोर ठेचकाळेल, पण काळोखात भिंतीच्या कडेवरून चालणारी ही जात भरदिवसा ड्रमाला कशी धडकेल? नव्या प्लास्टिकचा वास घेत असेल, असं म्हणून तिनं पुन्हा भाकरीला हात लावला. ड्रम होताही नवाच. जुना ड्रम दाराच्या डाव्या अंगाला वर्षानुवर्षं उभा होता. त्याच्या बुडाला चीर गेली, म्हणून परवा नळाला पाणी यायच्या दिवशी हा निळा आणला. जुन्या जागेची फरशी ओल धरून उचकटली होती, म्हणून हा उजव्या अंगाला, मोरीच्या तोंडाशी बसवला. गारखेड्यात आठ-आठ दिवस नळाला थेंब येत नाही, आणि येतो तेव्हा बाया हातातलं तान्हं पोर खाली ठेवून कळशी उचलतात. अशा घाईत ड्रम कुठं ठेवायचा याचा विचार करत कोण बसतंय? भुरी एक पाऊल मागं सरली, खाली बसली आणि पंजा चाटायला लागली. मला इथंच बसायचं होतं, असं तोंड करून. ते तोंड रूपालीच्या ओळखीचं होतं. चूक झाकताना घरातली सगळीच तसं तोंड करतात.

दारातून ऊन थेट आत आलेलं आणि ते भुरीच्या तोंडावर पडलेलं. त्या उन्हात तिचे डोळे काळे होते. काळे म्हणजे पार काळे, फक्त कडेला पिवळी कड उरलेली, फुटक्या बांगडीएवढी. उन्हात मांजराची बाहुली मिटते, बाभळीच्या काट्याएवढी उभी रेघ राहते, हे कुणी शिकवायला लागत नाही. भुरीचीही तशीच मिटायची. लेक प्रांजली शाळेत असताना तिनं हे पिल्लू दप्तरात घालून आणलं तेव्हापासून रूपाली ती रेघ बघत आली होती. मग रेघ कधी गेली? रूपाली आठवायला लागली, आणि आठवत होतं. उन्हाळ्यापासून भुरीचे डोळे मोठे दिसत होते आणि तिला ते आवडले होते. तिनं फोटो काढून पुण्याला प्रांजलीला धाडला होता. प्रांजली म्हणाली होती, मम्मी, किती गोड डोळे झालेत गं हिचे, काजळ घातल्यासारखे. शेजारची सुकेशनी भिंतीवरून वाकून म्हणाली होती, रूपाताई, तुमची भुरी म्हातारपणी हिरॉईन व्हायला लागली की. सगळ्या जणी हसल्या होत्या. महिनोन् महिने एक जीव डोळ्यांदेखत विझत होता आणि घरदार त्याच्या डोळ्यांचं कौतुक करत होतं. रूपालीला लाज वाटली. तव्यावरची भाकरी करपली ते तिला वासानंच कळलं.

दुपारी तिचा नवरा खंडेराव कंपनीच्या दुसऱ्या पाळीची बस घेऊन वाळूजला गेला, तशी तिनं भुरीला भाजीच्या पिशवीत बसवलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं आणि उस्मानपुऱ्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात रिक्षानं नेलं. नवऱ्याला सांगितलं नाही. मांजराला दवाखाना म्हटलं की तो हसला असता. मेंढरांमागं वाढलेली माणसं मांजराला जनावर धरत नाहीत. डॉक्टरीण पोरसवदा होती, प्रांजलीच्या वयाची. तिनं भुरीला टेबलावर ठेवलं, डोळ्यात बॅटरी मारली. बाहुली हलली नाही. मग तिनं कापसाचा बारका पुंजका घेतला आणि भुरीच्या तोंडापुढं, जरा बाजूनं, वरून सोडून दिला. कापूस तरंगत तरंगत खाली आला. भुरी समोर बघत राहिली. डॉक्टरीण म्हणाली, "बोट फिरवलं तर वाऱ्यानं कळतं त्यांना, म्हणून कापूस. याचा आवाज होत नाही." रूपालीनं टेबलाची कड धरली. तिला दवाखान्यातला फिनेलचा वास येईनासा झाला आणि दुसराच वास आला, ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा, पैठणच्या बाजूचा, बापाच्या मेंढरांच्या तळाचा.

तिचा बाप मुंजाबा अस्संच करायचा. मेंढीच्या डोळ्याचा संशय आला की खांद्यावरच्या घोंगड्यातून चिमूटभर लोकर उपटायचा आणि तिच्या डोळ्यापाशी हळूच सोडायचा. काठी फिरवली तर वारा सांगतो, खडा टाकला तर आवाज सांगतो, लोकर काही सांगत नाही, म्हणायचा. मेंढीनं पापणी मारली तर ठीक. नाही मारली तर तो तिथंच थोडा वेळ बसून राहायचा आणि तंबाखू मळायचा. आंधळं मेंढरू ओळखू येत नाही, हे तिला बापानंच शिकवलेलं. ते पुढच्याच्या ढुंगणाला तोंड लावून चालतं, खातं, पितं, वितंसुद्धा. जागा पाठ असते त्याला. तळ हलला की मग कळतं.

डॉक्टरीण सांगत होती की आतला पडदा झिजलाय, हळूहळू झिजत गेला असणार, वर्षभरापासून तरी, यावर औषध नाही. "तुमच्या लक्षात आलं नाही, कारण घर तिला पाठ आहे. घरातलं काही हलवलं होतं का एवढ्यात?" रूपाली म्हणाली, "ड्रम." डॉक्टरीण म्हणाली, "मग तेच. आता काही हलवू नका. जे जिथं आहे ते तिथंच राहू द्या. दुखत नाही तिला, बघा किती शांत आहे." भुरी खरंच शांत होती. रूपालीच्या मनगटावर हनुवटी ठेवून कुठंच बघत नव्हती.

परतीची रिक्षा चौकात अडकली. रस्त्याच्या कडेला पाण्याचे काळे पाइप ठेवलेले, जेसीबी निम्मा रस्ता खाऊन बसलेला. रिक्षावाला मागं न बघता म्हणाला, "कल से ये पूरा बंद है बाई. पाइपलाइन डालरे. कंपनी की बसां भी बायपास से जाने वाली बोलरे." रूपाली हूं म्हणाली. पिशवीतलं भुरीचं डोकं तिच्या पोटाला लागत होतं. ड्रम, ती मनात म्हणाली, ड्रम हलवला म्हणून कळलं. आणि मग रिक्षा तिथंच गर्दीत उभी असताना तिला ते आठवलं. ड्रमाला धडकणारी भुरी दुसरी होती. पहिल्यांदा खंडेराव धडकला होता. परवाच, ड्रम बसवला त्याच रात्री, मोरीत पाय धुवायला जाताना. गुडघा आपटला, ड्रमातलं पाणी हिंदकळून त्याच्या पायावर सांडलं, आणि ती हसली होती. पदर तोंडाला लावून हसली होती आणि म्हणाली होती, "आंधळे झालात काय हो? एवढा हत्तीएवढा ड्रम दिसंना तुम्हाला?" तो गुडघा चोळत मोरीच्या उंबऱ्यावर बसला होता, आणि त्याच्या तोंडावर तेच होतं. मला इथंच बसायचं होतं.

मग सगळं यायला लागलं. एक आठवण आली की ती दुसरीला हाताला धरून आणते, आणि नको म्हटलं तरी त्या उंबऱ्यावर उभ्याच राहतात. थोरल्या चुलतभावाच्या पोराच्या लग्नात रूपालीचा भाऊ राजेंद्र खंडेरावच्या डाव्या बाजूला येऊन हात जोडून उभा राहिला होता, रामराम दाजी म्हणत होता, बँड वाजत होता, आणि खंडेराव समोर बघत सरळ निघून गेला. चारचौघांत. राजेंद्रनं त्या दिवसापासून घराची पायरी चढली नव्हती. ड्रायव्हर झाला म्हणून गर्व आला व्हय, असं तो फोनवर म्हणाला, आणि ती त्यावरून नवऱ्याशी किती भांडली होती, माहेर तोडलं म्हणून त्याला नाही नाही ते बोलली होती. त्यानं एकदाही, मला दिसला नाही, असं म्हटलं नव्हतं. नुसतं म्हणाला होता, चुकलं. ताटाच्या डाव्या कडेला लोणचं वाढलं तर तो लोणचं मागायचा. आंधळ्यासारखं काय करता, असं ती तेव्हाही म्हणाली होती, कारण ते आपलं म्हणायचंच असतं, सगळीच म्हणतात. पाण्याचा तांब्या कोपरानं लवंडायचा. कुणी हाक मारली की हल्ली सगळी मान वळवून, खांद्यासकट, वळून बघायचा. ते तिला बरं दिसायचं, भारदस्त. वय झालं की माणूस भारदस्त होतं असं तिला वाटलं होतं. जसे भुरीचे डोळे तिला गोड वाटले होते. संध्याकाळी मोटारसायकल बाहेर काढायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं. चालल्यानं साखर वाढत नाही म्हणायचा. आणि ती शेजारणीला सांगायची, आमचे हे तब्येतीला लई जपतात. रिक्षा हलली. रिक्षावाला काहीतरी बोलत होता, ते तिच्या कानावरून जात होतं. तिला फक्त एवढंच कळत होतं की आत्ता या वेळी तो माणूस कंपनीत कामाला जाणारी चाळीस-पन्नास पोरं पाठीशी घेऊन रस्त्यावर आहे, आणि त्या पोरांत सुकेशनीचा पोरगा संघपाल आहे.

घरी आल्यावर तिनं भुरीला खाली सोडलं. भुरीनं थोडा वास घेतला, भिंतीला मिशा लावल्या आणि दिवाणाखालून, खुर्चीच्या पायांमधून वळत आपल्या गोधडीवर जाऊन बसली. कुठं अडखळली नाही. रूपाली दारातच बसून राहिली. असंही असेल की आपल्याला भलतंच सुचतंय, ती स्वतःशी म्हणाली. मांजराचं माणसाला लावायचं म्हणजे येडेपणाच. दरसाल कंपनीत डोळे तपासतात, उगंच का गाडी हातात देतील? रात्री तो आला, जेवला, झोपला. तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं नाही म्हटलं असतं, आणि नाही म्हटल्यावर तिला ते खरं मानता आलं असतं. पण अंथरुणावर पडल्या पडल्या तिला बापाची चांदी आठवली, आणि चांदी आठवली की झोप संपली.

चांदी म्होरकी होती. म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी मेंढी. तिच्या गळ्यात पितळी घंटा, आणि घंटा वाजेल तिकडं बाकीची सगळी, डोकं खाली घालून. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी. मुंजाबाचा तिच्यावर पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव. रूपाली त्यावरून रुसायचीही. एका संध्याकाळी त्यानं चांदीच्या डोळ्यापाशी लोकर सोडली आणि ती नुसती रवंथ करत राहिली. रूपालीची माय बानाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "घंटा काढा तिची. आंधळं मेंढरू कळपात चालतं, म्होरकं आंधळं चालत नाय." मुंजाबा म्हणाला, "आज ऐतवार हाय." रविवार खंडोबाचा वार, आणि रविवारी म्होरकीच्या गळ्याला हात लावायचा नाही असा त्यांच्या घराचा नेम होता. उद्या काढू, तो म्हणाला. पण नेम नुसता निमित्ताला होता, हे त्या लहान वयातही रूपालीला कळलं होतं. घंटा उतरली की चांदीला खाटकाच्या दावणीला न्यायचं होतं. बिनघंटेच्या म्हाताऱ्या मेंढीला दुसरं ठिकाण नसतं. बापाला एक रात्र पाहिजे होती, बाकी काही नाही. सकाळी चांदी नेहमीच्या वाटेनं, नेहमीच्या बांधावरून, घंटा वाजवत पाण्याला निघाली. आदल्या दिवशी कालव्याच्या माणसांनी तो बांध तोडून खोल चारी, पाटाच्या पाण्याचा चर, काढली होती. चांदी गेली. तिच्यामागं दुसरी गेली, तिच्यामागं तिसरी. मेंढरू बघत नाही, घंटा ऐकतं. मुंजाबा ओरडत धावला तोवर कोकरंसुद्धा गेली होती. दुपारपर्यंत तो चारीच्या काठावर ती घंटा हातात धरून बसला होता. रडला नाही. एवढंच म्हणाला, "काल काढायची व्हती." मरेपर्यंत, शेजारी कुणी असो नसो, मधूनच म्हणायचा. काल काढायची व्हती.

दुसऱ्या दिवशी खंडेराव उशिरा उठला. ऊन वर आलं होतं. त्यानं खाकी शर्ट खुंटीवरून काढून दोरीवर वाऱ्याला लावला, दाढी केली, आणि नेहमीच्या जागी भिंतीला पाठ लावून जेवायला बसला. रूपालीनं पत्र्याची पेटी उघडून बापाचं घोंगडं काढलं होतं. त्याची लोकर आता विरविरीत झालेली, ओढली की हातात येणारी. तिनं चिमूटभर ओढली आणि मुठीत धरली.  आपण हे काय करतोय, तिला वाटलं, हा नवरा आहे, मेंढरू नाही. भाकरी वाढायला ती त्याच्या डाव्या अंगाला वाकली, आणि त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर, कानाच्या थोडं पुढं, तिनं मूठ उघडली. लोकर सुटली. दाराच्या उजेडात ती तरंगत खाली आली, एकदा गिरकी घेतली, त्याच्या डोळ्याच्या रेषेतून गेली. खंडेराव भाकरी मोडत होता. त्यानं घास पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. पापणी हलली नाही. लोकर ताटाच्या कडेला पडली, आणि पडल्यावर ताटाच्या डाव्या कडेलाच राहिली, जिथं त्याला लोणचं दिसत नसे. रूपाली तिथंच उभी राहिली. 

त्यानं ताट फिरवलं. लोणचं हवं असलं की हल्ली तो ताट असं गोल फिरवायचा, तेही तिला आत्ता कळलं. लोकर त्याच्या समोर आली. त्यानं ती उचलली. बोटांत धरून चोळली, नाकाजवळ नेली. त्याचंही अर्धं बालपण मेंढरांमागं गेलं होतं, गाडीवर क्लीनर म्हणून लागेपर्यंत. त्याला लोकर ओळखायला वेळ लागला नाही, आणि ती ताटात का आली हे कळायलाही नाही. तो चावायचा थांबला.

"तुझ्या बापाच्या घोंगड्याची हाय," तो म्हणाला.

"व्हय."

त्यानं लोकर उजेडाकडं धरली. मग विचारलं, "कोणत्या अंगानं सोडली?"

"डाव्या."

"उजव्या अंगानं सोडायची व्हती. तिकडनं अजून थोडं दिसतंय."

हे तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. रूपाली तिथंच त्याच्या डाव्या अंगाला बसली. तो नाही म्हणेल, चिडेल, ताट ढकलेल, यासाठी ती तयार होती. याला ती तयार नव्हती. तिनं विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, मागच्या उन्हाळ्यात कळलं, त्याआधी किती दिवस होतं देव जाणे. काचबिंदू म्हणाला डॉक्टर. कडेनं खात येतो, समोरचं शेवटी जातं. थेंब दिलेत, गाडीत सीटखाली ठेवलेत, म्हणून तुला दिसले नाहीत. गेलेलं परत येईल का, तिनं विचारलं. तो म्हणाला, "गेलेलं नाय येत." आणि कंपनीत डोळे तपासतात ते? "समोरचा फळा वाचायला लावत्यात. फळा दिसतो की मला. शेवटच्या वळीपर्यंत वाचतो."

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली. "राजेंद्रवरून मी तुम्हाला किती बोलले."

"तुला सांगितलं असतं तर तू गाडीवर जाऊ दिलं असतं व्हय?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. खरं होतं. "आज जाऊ नका," ती म्हणाली. "आज नका जाऊ. बरं नाही म्हणून कळवा."

"आणि उद्या?" त्यानं लोकर दोन बोटांत फिरवली. "मला दुसरं काय येतंय, रूपा? गाडीवरनं उतरलो की मी कोण हाय? दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, अन् कोण आलंय ते त्यानंच सांगायचं. रस्ता पाठ हाय मला. कुठं गतिरोधक, कुठं म्हसरं बसत्यात, कुठल्या वळणावर कोणतं पोरगं उभं राहतं, डोळे मिटून सांगतो."

"रस्ता आजपासून बंद आहे ना? बायपासनं जायचंय म्हणे."

 भुरी कुठूनशी आली, वासानं त्याच्या मांडीपर्यंत आली आणि मांडीला अंग घासून बसली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. हात बरोबर तिच्या पाठीवरच पडला, कारण तिचं अंग त्याला लागत होतं. "तोबी ठावा हाय," तो म्हणाला. "एवढा हप्ता जाऊ दे. पाळी बदलली की साहेबाला मीच सांगतो. शपथ. एवढा हप्ता."

काल काढायची व्हती. रूपालीच्या कानात बाप बोलला, अगदी शेजारी बसून बोलावं तसा. तिला सगळं दिसत होतं. तोडलेला बांध दिसत होता, चारी दिसत होती, एकामागं एक जाणारी डोकी दिसत होती. आत्ता उठावं, खुंटीवरची बसची किल्ली घ्यावी आणि पदरात बांधावी, एवढंच करायचं होतं. आणि त्याचबरोबर तिला हेही दिसत होतं की घंटा उतरलेल्या मेंढीचं पुढं काय होतं. दाराशी खुर्ची, खुर्चीत हा माणूस, सगळी मान वळवून रस्त्याकडं बघणारा, आणि शेवटी तेही नाही. बापाला ती आयुष्यभर मनात दोष देत आली होती. एक रात्र मागून त्यानं कळप घालवला म्हणून. त्याच्याकडं निदान रविवार होता. आज कुठला वार होता, तिनं आठवून बघितलं. गुरुवार. गुरुवारची कुणाची काही आडकाठी नव्हती. तिनं हळूच मान हलवली, बरं म्हणून. पण ती त्याच्या डाव्या अंगाला बसली होती. त्याला ते दिसलं नाही. क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. आपण अजून काही कबूल केलेलं नाही, असं वाटलं.

"काय म्हणतीस?" त्यानं समोर बघत विचारलं.

"बरं," ती म्हणाली. स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या आवाजात.

त्यानं हात धुतले. खाकी शर्ट घातला, आणि घालताना ती लोकर खिशात टाकली, खाली टाकून दिली नाही. किल्ली खुंटीवर जिथं असते तिथं हात नेला, घेतली. दारातून उतरताना पायरी नेहमीसारखी उतरला. रूपाली त्याच्या पाठीकडं बघत राहिली. ताठ होती पाठ. गल्लीच्या तोंडाशी बस उभी असायची. दार उघडल्याचा, इंजिन लागल्याचा आवाज आला. भिंतीपलीकडं सुकेशनीच्या दारात संघपाल डबा पिशवीत घालत होता, बुटाची नाडी बांधत होता. बस निघायच्या आधी खंडेराव दोनदा हॉर्न द्यायचा, एक संघपालसाठी आणि एक उगंच. ते दोन हॉर्न झाले. संघपाल मायला, येतो गं, म्हणून धावला. सुकेशनी त्याच्या मागं गल्लीकडं बघत भिंतीपाशी आली. वाती करायचा कापूस तिच्या हातात होता, संध्याकाळी बुद्धाच्या फोटोपुढं दिवा लावायला. तिनं रूपालीला विचारलं, "रूपाताई, रस्ता खोदलाय म्हणं ना? बस कुठनं नेत्यात मग?"

"बायपासनं."

"बायपासला लई ट्रका असत्यात बाई." सुकेशनीनं वात वळता वळता क्षणभर हात थांबवला, मग स्वतःच हसली. "पण भाऊजी हायेत म्हणून मला घोर नाय. दुसरा कुणी असता तर मी पोराला पाठवलंच नसतं. नाही का?"

रूपालीच्या जिभेवर सगळं होतं. एक वाक्य होतं. संघपाल अजून गल्लीच्या टोकाला पोचायचा होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. सुकेशनी तिच्याकडं बघत होती, चांगल्या, उघड्या डोळ्यांनी, उन्हानं बारीक केलेल्या.

"त्यांना सगळे रस्ते पाठ आहेत," रूपाली म्हणाली.

बस गेल्याचा आवाज आला. सुकेशनी आत गेली. रूपाली घरात आली आणि ड्रमापुढं उभी राहिली. मग तिनं पदर खोचला आणि ड्रम उपसायला घेतला. घागरी भरल्या, बादल्या भरल्या, पातेली भरली, परातही भरली. भरायला काही उरलं नाही तेव्हा राहिलेलं पाणी, आठ दिवसांचं पाणी, मोरीत सोडून दिलं. रिकामा ड्रम तिनं फरफटत दाराच्या डाव्या अंगाला नेला, उचकटलेल्या फरशीवर, जुन्या ड्रमाचा गोल डाग जिथं होता नेमका तिथं, आणि डागाबाहेर जराही जाणार नाही असा हलवून हलवून बसवला. मग भिंतीला टेकून धापा टाकत बसली. भुरी गोधडीवरून उठली. आळस दिला. दिवाणाखालून निघाली, खुर्चीच्या पायांमधून वळली, मोरीच्या तोंडावरून, जिथं मघापर्यंत ड्रम होता तिथून, न थांबता सरळ चालत गेली, आणि दारात उन्हात जाऊन बसली. पाहणाऱ्याला वाटलं असतं की तिला सगळं दिसतंय.